छडी फक्त टेबलावर पडते

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी गुरुजी दिवसातून चार तास घेत होते आणि चारही तासांना धडा एकच. विद्यार्थी मात्र दर वेळी नवे. कोणी बँकेतले साहेब, कोणी नवं लग्न झालेलं जोडपं, कोणी गुडघ्याला पट्टा बांधून आलेल्या आजी. सकाळी धबधबा, दुपारी शाळा, संध्याकाळी मेणाचे पुतळे, असा सहलीच्या बसचा कार्यक्रम ठरलेला असायचा. त्यात शाळेच्या वाट्याला वीस मिनिटं यायची. तेवढ्या वेळात आपलं लहानपण परत मिळालं पाहिजे, अशी मंडळींची अपेक्षा असायची आणि गुरुजी ती बिनबोभाट पुरी करायचे.

शाळा एके काळी खरीच होती. चार खोल्या, पुढे व्हरांडा, मागे हातपंप. मुलं कमी होत गेली, गावाबाहेर मोठी इमारत झाली आणि ही बंद पडली. काही वर्षं कुलूप गंजत राहिलं. मग नगरपालिकेत कोणाच्या तरी डोक्यात आलं की एवीतेवी पाडायचीच आहे, तर तिचं संग्रहालय का करू नये? बाकांना पॉलिश झालं. दौती, पाट्या, पृथ्वीचा गोल, लिटरची मापं काचेआड गेली. बाहेरच्या खोलीत जुनी हजेरीपुस्तकं ठेवून वर पाटी लावली, ‘आपले नाव शोधा’. आता फक्त एक जुना मास्तर हवा होता, आणि तो दोन गल्ल्या सोडून पेन्शन खात बसलेला होता.

गुरुजींनी याच शाळेत बावीस वर्षं तिसरी सांभाळली होती. आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या मुलांचेही पाढे फुकटात पाठ व्हायचे. मुलांनी त्यांचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं. ते गुरुजींना माहीत होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

संग्रहालयाचा व्यवस्थापक तिशीतला, कायम घाईत असलेला माणूस. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्हाला नवीन काही करायचं नाही. फक्त पूर्वीसारखे रागवा. लोकांना रागावून घ्यायला फार आवडतं.”

“फुकटचं रागावलेलं सगळ्यांनाच आवडतं,” गुरुजी म्हणाले आणि दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

दोन दिवसांनी ते आले ते दोन अटी घेऊन. पहिली अट, छडी कोणाच्या अंगाला लागणार नाही, गमतीतसुद्धा नाही, आणि तसं दारावर लिहायचं. व्यवस्थापकाने मोठ्या हौसेने पाटी रंगवून घेतली, ‘छडी फक्त टेबलावर पडते’. लोक त्या पाटीसमोर उभे राहून फोटो काढायला लागले. दुसरी अट जरा विचित्र होती. व्यवस्थापकाने तासाचे संवाद टाइप करून आणले होते. त्यातल्या एका ओळीवर गुरुजींनी पट्टी ठेवून रेघ मारली, मग त्याच रेघेवर आणखी एक मारली. ओळ होती, ‘बहिरा झालास का रे?’

“अहो गुरुजी, हे तर हमखास हशाचं वाक्य!”

“हे मी म्हणणार नाही.”

“पण सगळे मास्तर हेच म्हणायचे. माझेही म्हणायचे.”

“म्हणत असतील. मी नाही म्हणणार.”

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून व्यवस्थापकाने ते सोडून दिलं.

हट्ट नव्हता. तेहतीस वर्षांपूर्वी याच वर्गात, खिडकीकडच्या ओळीत तिसऱ्या बाकावर आठ वर्षांचा एक मुलगा बसायचा. तोंड अर्धवट उघडं ठेवून बघत बसायची त्याला सवय होती. त्या दिवशी समोरच्या घरावर दोन माणसं पत्रे चढवत होती आणि हा ते पाहण्यात गुंग होता. गुरुजींनी तेराचा पाढा विचारला. एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. त्या दिवशी गुरुजींचं डोकं ठणकत होतं, असं ते पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिले. पण डोकं त्यांचं आठवड्यातून तीनदा ठणकायचं. ते चालत बाकापाशी गेले, “बहिरा झालास का रे?” म्हणाले आणि सगळं वजन टाकून एक ठेवून दिली. कानाखाली आवाज काढीन, असं आपण सगळे हसत हसत म्हणतो. तो आवाज वर्गातल्या बेचाळीस मुलांनी ऐकला. त्या मुलाच्या डाव्या कानाने ऐकलेला तो शेवटचा आवाज.

दोन दिवसांनी मुलाला ताप भरला, कान वाहायला लागला. आठवडाभराने त्याची आई शाळेत आली. ती कापडाच्या गिरणीत यंत्रावर उभी राहायची. अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती आणि मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर अंग चोरून उभी होती. ती भांडायला आली नव्हती. तिने एवढंच विचारलं, “शाळेत काही झालं का हो गुरुजी?”

गुरुजींनी तोंड उघडलं होतं. खरं सांगायलाच उघडलं होतं, असं ते शपथेवर सांगू शकले असते. पण मुख्याध्यापक आधी बोलले. “बाई, तुमच्या मुलाला मुळातच कमी ऐकू येतं. आमच्या लक्षात आलं होतं. तुमच्या कानावर घालणारच होतो.” आणि त्यांनी हजेरीचं रजिस्टर ओढून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘मुळातच ऐकू कमी येते. नेहमीच्या वर्गात शिकणे कठीण.’ मग रजिस्टर गुरुजींकडे सरकवलं. अक्षर मुख्याध्यापकांचं, खाली सही वर्गशिक्षकाची. गुरुजींनी सही केली. मुळातच. त्या एका शब्दात गुरुजींचा हात मोकळा सुटला. बाईने मान डोलावली, आभार मानले आणि ती गेली. दोन महिन्यांनी मुलाचं नाव पटावरून कमी झालं. आई त्याला घेऊन आपल्या भावाच्या गावी गेली, एवढंच कळलं.

हे गुरुजींनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं, बायकोला. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, “जा आणि सांगून या. आईला नाही तर पोराला. आज ना उद्या त्याच्या कानावर घालावंच लागेल तुम्हाला.” एकदा गुरुजी गेलेही. तीन तास बसने प्रवास केला, त्या गावच्या स्टँडवर उतरले, टपरीवर चहा घेतला, कप ठेवला आणि समोर लागलेल्या परतीच्या बसमध्ये चढले. घरी येऊन म्हणाले, “भेटले नाहीत.” बायकोने ताट वाढलं. त्यानंतर ती वर्षातून एखाद्या वेळी, बहुतेक कपड्यांच्या घड्या घालताना, विषय काढायची आणि गुरुजी वेळ मारून न्यायचे. नऊ वर्षांपूर्वी ती गेली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं होतं, “नाहीच ना गेलात?” गुरुजी उशी सारखी करत राहिले.

ती गेल्यावर त्यांना टोकणारं कोणी उरलं नाही. वाटलं होतं, आता जरा सुटल्यासारखं होईल. उलट झालं. आधी ओझ्याची दोन टोकं दोघांनी धरली होती, आता दोन्ही त्यांच्याच हातात आली. संग्रहालयाचं काम त्यांनी घेतलं त्यामागे हेही होतं. रोज चार वेळा त्याच वर्गात उभं राहायचं, छडी उगारायची आणि कोणालाही न मारता तास संपवायचा. चार वर्षांत हिशेबाने हजारो वेळा त्यांनी त्या मुलाला मारलं नव्हतं. पण एकदा मारलं होतं ते काही कमी झालं नाही.

त्या दिवशी अडीचचा तास होता. उन्हाचा कडाका, धबधब्यावरून आलेली ओलसर मंडळी, कोणाचे बूट पचपच वाजतायत, कोणी वर्गात चिप्सचं पुडकं फोडतंय. गुरुजी काळा कोट चढवून आत आले आणि छडी टेबलावर आपटली. पुडकं गप्प झालं. “उभे राहा! बसा! कोणी सांगितलं बसायला?” पन्नाशीचे लोक खुदखुदत उठत बसत होते. एका काकांना बाकातून उठताच येईना, पोट अडकलं. “दप्तर पोटात घालून आलास का?” गुरुजींनी विचारलं आणि काकांची बायको डोळे पुसेपर्यंत हसली.

मग पाढ्यांची पाळी आली. गुरुजी नेहमी अशा माणसाला पकडायचे ज्याचं लक्ष नाही. त्यात जास्त मजा येते, हे त्यांना चार वर्षांत कळलं होतं. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर निळ्या शर्टातला एक चाळिशीचा माणूस बाहेर बघत होता. बाहेर आता समोरचं घर नव्हतं, गाड्या लावायची जागा होती. त्याच्या डाव्या हाताला दहा-अकरा वर्षांची मुलगी बसली होती आणि मान खाली घालून पाटीवर मांजर काढत होती.

“निळा शर्ट! तेराचा पाढा!”

माणूस हलला नाही.

“खिडकीतला निळा शर्ट!”

लोक माना वळवून बघायला लागले. कोणी तरी खोकलं.

“तिसरं बाक!” हा भोंग्याचा खरा आवाज होता, काचांना हादरा देणारा. माणूस बाहेरच बघत होता. आणि गुरुजींची जीभ तेहतीस वर्षांची राखण विसरली. कोणी रेघ मारली होती आणि किती वेळा, हे जिभेला काय ठाऊक? त्यांना कळायच्या आत ते बोलून गेले होते.

“बहिरा झालास का रे?”

वर्गात हास्याचा स्फोट झाला. व्यवस्थापक म्हणाला होता तसंच, हमखास. त्या हशात मुलीने पाटीवरून मान वर केली, आधी बाबांकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “त्यांना या बाजूने ऐकू येत नाही.”

हसू जागच्या जागी विझलं. काही जण उगाच पाट्यांकडे बघायला लागले. मुलीने बापाच्या कोपराला हात लावला. तो वळला आणि काय झालंय ते एका क्षणात त्याला कळलं. असं आयुष्यभर होत आलेल्या माणसाला ते लगेच कळतं. तो हसत उभा राहिला आणि उजवा कान पुढे करून म्हणाला, “माफ करा गुरुजी. या बाजूने बोला.”

लोकांना हायसं वाटलं. चार वर्षांच्या सवयीने पुढचं वाक्य गुरुजींच्या तोंडातून आपोआप निघालं. “नाव सांग.”

माणसाने दोन्ही हात बाजूला ताठ ठेवले आणि हजेरीला सांगतात तसं पूर्ण नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव.

गुरुजींना ते नाव पाठ होतं. त्यांनी टेबलाची कड धरली. माणूस आपला खेळात रंगलेला. त्याने पुढे येऊन तळहात समोर धरला आणि विचारलं, “तेराचा पाढा येत नाही गुरुजी. हात पुढे करू?” नखांच्या कडांना पिवळा आणि काळा रंग बसलेला, घासून न निघालेला. सगळा वर्ग हसून वाट बघत होता. गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली, आपटली नाही, नुसती ठेवली, आणि घंटेची दोरी ओढली.

“एवढंच?” पोट अडकलेले काका म्हणाले. अजून नऊ मिनिटं शिल्लक होती.

मंडळी कुरकुरत बाहेर गेली. गुरुजी खुर्चीत बसले. बाहेरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिकडचं सगळं ऐकू येत होतं. तिकीट देणाऱ्या बाईच हजेरीपुस्तकंही काढून द्यायच्या.

“कुठलं साल तुमचं?” बाईंनी विचारलं. माणसाने सांगितलं. बाई म्हणाल्या, “या इकडून या, पंख्याच्या आवाजात ऐकू येणार नाही तुम्हाला.”

“मी सांगते त्यांना,” मुलगी म्हणाली. “मी कायम या बाजूनेच चालते. बाबांचा डावा कान म्हणजे मी.”

बाई हसल्या. पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. मग माणसाचा आवाज, एकदम पोरासारखा, “हे बघ! हे बघ मी! सांगितलं होतं ना, असणार म्हणून!”

“आणि हे काय लिहिलंय पुढे?” मुलीने अडखळत वाचलं. “मुळातच ऐकू कमी येते. मुळातच म्हणजे?”

“म्हणजे आधीपासून. जन्मापासून.”

“म्हणजे आजी सांगायची तेच.”

“तेच. आजीला इथेच तर कळलं.”

“आणि ही सही कोणाची?”

बाईंनी चष्मा लावला असावा. “अगं बाई! ही तर आपल्या गुरुजींची. आत्ता तुमचा तास घेतला ना, तेच!”

पळून जायचं तर मागच्या दाराने जाता आलं असतं. हातपंपाजवळून वाट होती. गुरुजींच्या मनात ते आलंही. पण बायको आठवली, हातात अर्धी घडी घातलेली चादर धरून उभी राहिलेली, आणि ते पुढच्या दाराने व्हरांड्यात आले.

माणसाने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. “गुरुजी! तुम्ही! तरीच म्हटलं हा आवाज... एका कानाने ऐकलं तरी ओळखीचा वाटला बघा.” त्याला काय बोलू आणि काय नको असं झालं होतं. तो पाट्या रंगवतो, दुकानांच्या, शाळांच्या. आताशा सगळं छापून येतं, पण देखणं अक्षर हवं असलेले लोक अजून त्याच्याकडे येतात. “अक्षर तुमचंच आहे गुरुजी. फळ्यावरचा तुमचा ‘क्ष’ मी अजून तसाच काढतो. शाळा सुटली, पण अक्षराला काही ऐकावं लागत नाही ना.”

“पुढे शिकला नाहीस?” गुरुजींनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

“कुठलं? दाखल्यावर शेरा होता. मामाच्या गावची शाळा म्हणाली, आमच्याकडे सोय नाही.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “मला आठवतं गुरुजी, तुम्ही एक ठेवून दिली होतीत मला. त्याच बाकावर.”

गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

“तुमची काय चूक? मला ऐकूच येत नव्हतं, तुम्हाला वाटलं मी मुद्दाम करतोय. पण त्या निमित्ताने कळलं तरी. आई शेवटपर्यंत म्हणायची, गुरुजींच्या ध्यानात आलं म्हणून, नाहीतर आपल्याला पत्ताच नव्हता.” तो जरा थांबला. “ती बिचारी सगळा दोष स्वतःला द्यायची. मी पोटात असताना ती यंत्रावर उभी राहायची ना दिवसभर, त्या आवाजानेच माझा कान गेला असं तिच्या मनाने घेतलं होतं. मी कितीदा सांगितलं, तसं काही नसतं गं. पण पुसता पुसेना तिच्या मनातून. जाताना सुद्धा माझ्या या कानाला हात लावून रडत होती.”

एका मुलाचा कान, एवढंच आपल्या नावावर आहे, अशी गुरुजींची समजूत होती. एक बाई दोन महिन्यांनी गाव सोडून गेली आणि प्रकरण संपलं, असं ते धरून चालले होते. ती उरलेलं सगळं आयुष्य त्यांची सही पदराला बांधून जगली होती.

फाटकापाशी बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. मंडळी चढायला लागली. “चला, निघतो गुरुजी. फार बरं वाटलं,” माणूस म्हणाला आणि तिघंही फाटकाकडे चालायला लागली. माणूस पुढे बघत होता, एका हाताने ड्रायव्हरला ‘आलो, आलो’ अशी खूण करत. त्याच्या डाव्या बाजूला मुलगी, तिच्या पलीकडे गुरुजी. फाटक वीस पावलांवर होतं. हे अंतर संपलं की पुन्हा तेहतीस वर्षं नव्हती, हे गुरुजींना स्वच्छ दिसत होतं.

ते बोलले. तोच भोंगा, पण आवाज कसा तो निघेना. “ते मुळातच नव्हतं,” ते म्हणाले. “तुझा कान चांगला होता. माझ्या हाताने गेला तो. आईचा त्यात काहीच संबंध नव्हता. शेरा खोटा आहे, आणि सही करताना मला माहीत होतं की तो खोटा आहे.”

माणूस चालत राहिला. दोन पावलं पुढे गेल्यावर त्याला वाटलं की कोणी तरी काही म्हणालं. आयुष्यभर कुठल्या कानावर घालायचं हा प्रश्न गुरुजींना कधी पडलाच नव्हता, आणि ते डाव्या बाजूने चालत होते.

“काय म्हणाले गं गुरुजी?” त्याने मुलीला विचारलं.

मुलगी थांबली होती. तिचा चेहरा पार उतरला होता. ती गुरुजींकडे बघत होती आणि गुरुजी तिच्याकडे. ती काय सांगेल ते सांगू दे, असं त्यांना वाटलं, आणि त्याच वेळी तिने सांगू नये असंही वाटलं. हे दुसरं जास्त जोरात वाटलं आणि त्याची त्यांना भयंकर लाज वाटली.

“बस सुटेल म्हणतात,” मुलगी म्हणाली.

माणूस मोठ्याने हसला. “शिस्त अजून तशीच आहे!”

गुरुजींना पुन्हा बोलता आलं असतं. पलीकडे जाऊन, उजव्या बाजूने, खणखणीत. छातीत तेवढा दम होता. मुख्याध्यापकांच्या टेबलापाशीही होता. आज फक्त आधी बोलणारी व्यक्ती लहान होती. गुरुजी मूग गिळून उभे राहिले आणि बाप-लेक बसमध्ये चढली.

मिनिटभराने मुलगी एकटीच खाली उतरून पळत आली. “खडू राहिला होता माझ्याकडे,” ती धापा टाकत म्हणाली आणि खिशातून खडू काढला. तो गुरुजींना न देता तिने फाटकाच्या कठड्यावर ठेवला. मग विचारलं, “कुठल्या हाताने?”

गुरुजींनी उजवा हात पुढे केला. तळवा उघडा, बोटं थोडी वाकलेली, रेषांमध्ये खडूची पूड. कोणी छडी मारणार असल्यासारखा तो हात दोघांच्या मध्ये तसाच राहिला. मुलीने तो नीट पाहून घेतला. काही केलं नाही.

“त्यांना परत सांगायला येऊ नका,” ती म्हणाली. “पत्ता काढून वगैरे.”

“का गं?”

“आजी उगाचच रडायची, हे कळेल ना मग त्यांना.” तिने ओठ दातांनी धरला. “आणि तुम्ही त्यांना आवडता.”

ती पळत गेली. बसचं दार लागलं. खिडकीतून माणसाने अर्धं अंग बाहेर काढून हात हलवला, अगदी शाळेतल्या पोरासारखा, खांद्यापासून. त्याच्या डाव्या बाजूला मुलगी समोर बघत बसली होती. गुरुजींचा उजवा हात अजून उघडाच होता. तो वर नेण्याची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी डावा हात वर केला आणि बस वळेपर्यंत हलवत राहिले.

“गुरुजी, चारचा वर्ग भरला!” तिकीटवाल्या बाईंनी हाक मारली. “आणि हा तास पुरा घ्या हो. मघाची माणसं कुरकुरत गेली.”

गुरुजी आत गेले. नवी मंडळी बाकांवर खुदखुदत बसली होती. कोणी तरी दारावरच्या पाटीचा फोटो काढत होतं. त्यांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला, छडी डाव्या हातात घेतली आणि सगळं बळ एकवटून टेबलावर मारली. नेम चुकला. छडी टेबलाच्या कडेला लागून हातातून उडाली आणि फरशीवर घरंगळत तिसऱ्या बाकाखाली गेली. वर्ग पोट धरून हसला.